भिरंडीचे नर झाड आणि ‘तें’ चेडूं: लिंग आणि लिंगभाव यांतला फरक

गोव्यात मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला लिंगाविषयीचा पहिला पेच विज्ञानाच्या तासाच्या बऱ्याच आधी, भाषेतच पडतो. पुस्तकातली मराठी त्याला ‘ती मुलगी आली’ असे शिकवते, आणि शेजारची मावशी अंगणातून कोकणीत सांगत असते, ‘चेडूं आयलें’. मराठीत जी ‘ती’, तीच मुलगी गोव्याच्या कोकणीत लहान किंवा तरुण असेपर्यंत ‘तें’ असते, म्हणजे व्याकरणाच्या हिशेबाने नपुंसकलिंगी असते. वयाने मोठ्या, संसारी बाईविषयी बोलताना मात्र तीच भाषा ‘ती’ म्हणू लागते. त्या मुलीच्या शरीराशी या सर्वनामांचा फारसा संबंध नाही. तिचे वय, तिचे घरातले आणि गावातले स्थान बदलते आणि भाषा त्याची नोंद घेते. मराठीलाही हे अगदीच अनोळखी नाही, कारण आपणही मूल, पोर, लेकरू यांना ‘ते’ म्हणतो आणि मुंगीला, ती नर आहे की मादी हे न पाहता, ‘ती’ म्हणतो.

मी उच्च माध्यमिक वर्गांना जीवशास्त्र शिकवते. प्रजननाचा धडा आला की दरवर्षी कोणीतरी वर्ग संपल्यावर टेबलाजवळ रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते की बाई, माणसात खरोखर दोनच लिंगे असतात का. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे मला कधीच जमलेले नाही, आणि त्याचे एक कारण आपला ‘लिंग’ हा शब्दच आहे. एकाच शब्दावर आपण व्याकरण, शरीराचा अवयव, नर-मादी हा भेद, आणि अर्जावरचा ‘पुरुष, स्त्री, इतर’ हा रकाना असा सगळा भार टाकला आहे. अभ्यासकांनी यासाठी ‘लिंगभाव’ हा वेगळा शब्द घडवला, तो आता बराच रुळलाही आहे. या लेखात ‘लिंग’ म्हणजे शरीराची गोष्ट, ‘लिंगभाव’ म्हणजे त्या शरीरावरून समाजाने ठरवलेले वागणे, कामे, कपडे, हक्क आणि अपेक्षा, आणि ‘लिंगओळख’ म्हणजे माणसाला स्वतःविषयी आतून असलेली जाणीव, असे तीन शब्द मी काटेकोरपणे वेगळे वापरणार आहे.

नर आणि मादी म्हणजे काय

माझ्या माहेरच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, आजोबांनी बियांपासून लावलेली पाच भिरंडीची, म्हणजे कोकमाची, झाडे होती. सहा-सात वर्षे शेण घालून, पाट वळवून ती वाढवली आणि पहिल्यांदा फुलली तेव्हा कळले की त्यांतली तीन नर आहेत. त्याआधी पान, खोड, उंची, फांद्यांची ठेवण यांवरून कोणालाही काही सांगता आले नव्हते. आजोबांनी दोन तोडली आणि एक परागासाठी राखले. ज्या झाडाला फळ नाही त्याची सोलां (फळाच्या वाळवलेल्या साली) नाहीत, आणि सोलां नाहीत तर कढी नाही, असा त्यांचा हिशेब होता. आता बहुतेक बागायतदार मादी झाडाचे कलम आणून लावतात, त्यामुळे एवढी वर्षे थांबावे लागत नाही. भिरंडीत काही झाडांवर दोन्ही अंगे असलेली फुलेही येतात, हेही लक्षात ठेवावे.

त्या झाडाला नर म्हणण्याचा आधार एकच होता, ते कोणत्या प्रकारची जननपेशी तयार करते. जीवशास्त्रात नर-मादी या भेदाचा पाया हाच आहे. ज्यांत लैंगिक प्रजनन होते अशा वनस्पती आणि प्राण्यांत सहसा दोन प्रकारच्या जननपेशी असतात: एक मोठी, अन्नसाठा बाळगणारी, संख्येने थोडी, दुसरी लहान, हलकी, संख्येने अफाट. मोठी पेशी बनवण्याच्या दिशेने घडलेले शरीर मादीचे, लहान पेशी बनवण्याच्या दिशेने घडलेले शरीर नराचे. माणसाचे बीजांड सुमारे ०.१ मिलिमीटर व्यासाचे असते, तीक्ष्ण नजरेला ते ठिपक्यासारखे दिसू शकते. शुक्राणू सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. या दोहोंच्या मधली, मध्यम आकाराची तिसरी जननपेशी माणसात नाही. त्या अर्थाने लिंगे दोन आहेत असे म्हणणे बरोबर आहे, आणि ते म्हणायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

मात्र त्या दोन टोकांपर्यंत शरीर कसे पोहोचते, याच्या वाटा निसर्गात इतक्या निरनिराळ्या आहेत की त्यावर थोडे रेंगाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. गोव्याच्या बाजारात मोठ्या मानाने विकला जाणारा चोणक मासा आधी नर म्हणून वाढतो आणि पुढे काही वर्षांनी मादी होतो. म्हणूनच टोपलीत भलामोठा चोणक दिसला तर तो बहुधा मादी असतो. गोबरा मासा बहुधा याच्या उलट वाटेने जातो, आधी मादी आणि मग नर. मोरजी, आगोंद आणि गालजीबागच्या किनाऱ्यांवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासविणी येऊन वाळूत अंडी घालतात आणि वनखात्याचे लोक त्या जागेला कुंपण घालतात. त्या अंड्यांत नर-मादी ठरवणारी वेगळी गुणसूत्रे नसतात. वाळू उबदार असेल तर पिल्ले मुख्यतः मादी होतात, थंड असेल तर नर होतात, आणि या दोहोंतली सीमारेषा साधारण २९ ते ३० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. किनारे तापत गेले तर एका पिढीत नरच अपुरे पडतील, ही कासव अभ्यासकांची चिंता यातूनच येते.

माणसाचे शरीर कसे घडते

माणसात वाळूच्या उबेवर काही ठरत नाही. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात आणि त्यांतल्या एका जोडीचा लिंगाशी संबंध असतो. स्त्रीमध्ये ती जोडी बहुधा एक्स-एक्स असते आणि पुरुषामध्ये एक्स-वाय. बीजांडात नेहमी एक्सच जातो. शुक्राणूंपैकी सुमारे अर्ध्यांत एक्स आणि अर्ध्यांत वाय असतो. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या अमेरिकी संशोधिकेने पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी तपासताना पाहिले की मादीत वीस मोठी गुणसूत्रे आहेत, तर नरात एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. ते लहान गुणसूत्र म्हणजे वाय. मूल मुलगा होणार की मुलगी, याचा धागा पित्याकडून येतो, हे त्या निरीक्षणाने कळले.

हे गोव्यातल्या वाचकाने एका जुन्या कायद्याच्या शेजारी ठेवून पाहावे. १८८० मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची जी संहिता लागू केली, तिच्यात पत्नीला तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा झाला नाही तर पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या विवाहाची मुभा होती. त्यानंतर पंचवीस वर्षांनी त्या किड्याने दाखवून दिले की या बाबतीत बाईकडे बोट दाखवण्याला काहीही आधार नव्हता. ती तरतूद व्यवहारातून जवळजवळ गेली, पण ‘तिला मुलीच होतात’ हे वाक्य मी आजही लग्नघरी ऐकते आणि दर वेळी मला त्रास होतो.

गर्भाच्या पहिल्या सहा आठवड्यांत एक्स-एक्स आणि एक्स-वाय यांची प्रजननसंस्था दिसायला सारखी असते. दोघांतही एकच प्राथमिक ग्रंथी असते, जिचे अंडाशय किंवा वृषण होऊ शकते, आणि दोघांतही नळ्यांच्या दोन जोड्या शेजारी शेजारी तयार असतात. एका जोडीतून गर्भाशय आणि अंडवाहिन्या घडू शकतात, दुसरीतून शुक्रवाहिन्या. पुरुषांना स्तनाग्रे का असतात, या प्रश्नाचे उत्तरही या काळातच आहे. त्यांची मांडणी ही वाट फुटण्याआधीच सुरू झालेली असते.

मग वाय गुणसूत्रावरचा एक जनुक जागा होतो. एस-आर-वाय असे त्याचे नाव. १९९० मध्ये लंडनमधील संशोधकांनी तो ओळखला आणि पुढच्याच वर्षी एक्स-एक्स उंदराच्या गर्भात तो घातल्यावर त्या उंदरात वृषणे तयार झाल्याचे दाखवले. हा जनुक इतर जनुकांना चालना देतो आणि ग्रंथी वृषणाच्या दिशेने वळते. वृषण दोन महत्त्वाची संप्रेरके (हार्मोन) सोडते. एकामुळे गर्भाशयाच्या नळ्या विरून जातात; दुसरे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, शुक्रवाहिन्यांच्या नळ्या टिकवते. बाहेरचे पुरुषी अवयव घडण्यासाठी त्याच टेस्टोस्टेरॉनचे एका एन्झाइमच्या साहाय्याने आणखी तीव्र रूप बनावे लागते. एस-आर-वाय नसेल तर ग्रंथी अंडाशयाच्या वाटेने जाते. जुनी पुस्तके हे ‘काहीच झाले नाही तर मादी’ अशा शब्दांत सांगत. ते पुरेसे खरे नाही. अंडाशय घडवणारे आणि ते अंडाशयच राहील याची राखण करणारे स्वतंत्र जनुक आहेत, आणि २००९ मध्ये प्रौढ उंदरिणीतला असा एक जनुक बंद केल्यावर तिच्या अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या वागू लागल्याचे आढळले. मादी होणे ही रिकामी जागा नसून तीही एक घडण आहे.

म्हणजे शरीराचे लिंग एका बटणावर ठरत नाही. गुणसूत्रे, ग्रंथी, संप्रेरके, ती संप्रेरके ओळखणाऱ्या पेशी, आतली नलिका, बाहेरचे अवयव, आणि पुढे वयात येताना होणारे बदल अशी ही साखळी आहे. बहुतेक माणसांत तिच्या सर्व कड्या एकाच दिशेने जुळतात, म्हणूनच सुईणीने एक नजर टाकून ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणावे ही रीत हजारो वर्षे चालली. काही माणसांत एखादी कडी वेगळी वळते. अशा शारीरिक रचनांना मिळून आंतरलिंगी म्हणतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. एखाद्या मुलीची गुणसूत्रे एक्स-वाय आहेत, एस-आर-वाय आहे, पोटात वृषणे आहेत आणि ती टेस्टोस्टेरॉन बनवतही आहेत. पण तिच्या पेशींत ते संप्रेरक ओळखणारा ग्राहक काम करत नाही. दरवाजावर कोणी कितीही टकटक केली तरी आत ऐकूच जात नाही, तसे हे आहे. मग बाहेरचे शरीर मुलीचे घडते, वयात येताना स्तनांची वाढ होते, कारण टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. गर्भाशय मात्र नसते, कारण गर्भाशयाच्या नळ्या विरवणाऱ्या वृषणांच्या संप्रेरकाने आपले काम चोख केलेले असते. सोळाव्या-सतराव्या वर्षी पाळी आली नाही म्हणून आई तिला डॉक्टरांकडे नेते, तेव्हा हे उघड होते. तोपर्यंत तिला, तिच्या घराला, शाळेला ती मुलगी आहे याविषयी कधी शंका आलेली नसते, आणि त्यानंतरही अशा बहुतेक जणी स्वतःला स्त्रीच मानतात. गुणसूत्रांचा अहवाल हातात आल्यामुळे ती कालपर्यंतची मुलगी आज मुलगा होते का? मी हा प्रश्न वर्गात विचारते तेव्हा वर्ग फार शांत होतो.

याच्या उलट बाजूला एक्स-एक्स मुलीच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी एका एन्झाइमच्या अभावी पुरुषी संप्रेरके जास्त बनवतात आणि जन्मतः बाह्य अवयव संदिग्ध दिसतात. मुलगे आणि मुली मिळून या विकाराचे प्रमाण साधारण १५ हजार जन्मांत एक असे सांगितले जाते, आणि यातल्या अनेक बाळांच्या शरीरातून मीठ निघून जाऊन पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जीव धोक्यात येतो. येथे तातडी औषधाची असते. मुलगा की मुलगी हे नातेवाइकांना सांगण्याची घाई तेवढी तातडीची नसते, हे प्रसूतिगृहाच्या बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. याशिवाय एक्स-एक्स-वाय असलेले पुरुष आहेत, ५०० ते १,००० पुरुषांत एक, आणि त्यांतल्या अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. एकच एक्स असलेल्या मुली आहेत, २,००० ते २,५०० मुलींत एक.

आंतरलिंगी माणसे एकूण किती, यावर अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. गुणसूत्रांतला आणि संप्रेरकांतला प्रत्येक फरक मोजला तर १.७ टक्के असा आकडा मांडला गेला. केवळ ज्यांचे शरीर पाहून लिंग ठरवता येत नाही किंवा गुणसूत्रे आणि शरीर एकमेकांशी जुळत नाहीत त्यांनाच मोजले तर तो ०.०१८ टक्के इतका खाली येतो. हा वाद मोजणीचा कमी आणि व्याख्येचा जास्त आहे. माझ्या मते दोन्ही बाजूंनी यातून जास्तीचे निष्कर्ष काढले जातात. थोडी शरीरे वेगळी घडतात म्हणून नर-मादी हा भेदच कल्पित ठरत नाही, आणि बहुसंख्य शरीरे ठरावीक साच्यात बसतात म्हणून वेगळ्या शरीराची माणसे चूक ठरत नाहीत. अशा बाळांवर, जिवाला धोका नसताना, केवळ दिसणे ‘सरळ’ करण्यासाठी शस्त्रक्रिया करू नये, असे तामिळनाडूने २०१९ मध्ये न्यायालयाच्या निकालानंतर ठरवले. शरीर ज्याचे, त्याला मोठे होऊन बोलता येईपर्यंत थांबावे, यामागचा हा विचार मला पटतो.

बाईपण आणि पुरुषपण

आता शरीर बाजूला ठेवून अंगणात येऊ. पेडण्यात दशावतार लागतो तेव्हा मंडपाच्या मागे कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात एक पुरुष लुगडे नेसत असतो. निऱ्या घालताना तो जराही अडखळत नाही, कुंकू लावताना आरसा किंचित तिरका धरतो, आणि रंगमंचावर पाऊल टाकताच त्याची चाल, मान वळवण्याची पद्धत, पदर सावरण्याचा वेग हे सर्व बदलते. याला आपल्याकडे स्त्रीपार्टी म्हणतात. मंगेशीत १९०० मध्ये जन्मलेले दीनानाथ मंगेशकर यांनी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या. बालगंधर्वांच्या लुगडे नेसण्याची, दागिन्यांची, केसांत फुले माळण्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करत. हे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे: एक पुरुष स्त्रियांकडे पाहून बाईपण शिकला आणि मग स्त्रिया त्याच्याकडे पाहून ते शिकल्या. जी गोष्ट अशी हातोहात फिरते, ती जनुकात लिहिलेली नसणार. लिंगभाव म्हणजे काय, हे समजावण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण आजवर मिळालेले नाही.

मासळीबाजारात विकायला बसणाऱ्या बहुतेक बायका आणि समुद्रावर जाणारे बहुतेक पुरुष, ही वाटणी गोव्यात इतकी जुनी आहे की ती निसर्गाने केली असे वाटते. पण पैशाचा हिशेब, घासाघीस, चारचौघांत मोठ्या आवाजात बोलणे ही सगळी ‘पुरुषी’ म्हणून सांगितली जाणारी कामे त्या बाजारात बायकाच करतात, आणि त्यांना कोणी पुरुषी म्हणत नाही. चतुर्थीला घुमट पुरुषांनी वाजवायचे आणि फुगडी बायकांनी घालायची, असे माझ्या लहानपणी गृहीत होते. आता बायकांची घुमट आरतीची पथके उभी आहेत आणि घुमटाच्या आवाजात काही फरक पडलेला नाही.

हक्कांच्या बाबतीत तर एकाच गावात लिंगभावाचे दोन कायदे शेजारी नांदताना दिसतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, जी गोव्यात १८७० पासून लागू झाली, मुलीला आईवडिलांच्या मालमत्तेत मुलाइतकाच वाटा मिळाला आणि पालकांना मृत्युपत्राने मुलांचा अर्धा हिस्सा काढून घेता येत नाही. त्याच गावातल्या कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, मात्र गावकरपण परंपरेने पुरुषांच्या वंशातून चालत आले. मुलगी तीच, तिची गुणसूत्रे तीच. घराच्या वाटणीत ती वारस असते आणि गावकारीच्या वहीत तिचे नाव नसते. हा फरक शरीराने केलेला नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ९४२ मुली होत्या. निसर्गतः जन्माच्या वेळी दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे असतात, म्हणजे हजारामागे साधारण ९५२ मुली. जिथे हा आकडा खूप खाली घसरतो, तिथे लिंगभाव शरीराला जन्मच घेऊ देत नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा १९९४ चा कायदा त्यासाठीच करावा लागला.

आतली जाणीव

सगळेच शिकवलेले असते, असे म्हणून येथे थांबणे सोपे होते, आणि विसाव्या शतकात काही तज्ज्ञ तसे थांबलेही. कॅनडातील डेव्हिड रायमर याची गोष्ट त्याचे फार जड उत्तर आहे. १९६५ मध्ये जन्मलेल्या या जुळ्या मुलाच्या अवयवाला तान्हेपणी एका वैद्यकीय अपघातात कायमची इजा झाली. लिंगभाव संगोपनातून घडतो असे मानणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याला मुलगी म्हणून वाढवले गेले. फ्रॉक, बाहुल्या, मुलीचे नाव, संप्रेरके हे सगळे देऊनही त्या मुलाला आपण मुलगी असल्याचे कधी वाटले नाही. चौदाव्या वर्षी त्याला सत्य सांगितले गेले आणि तो मुलगा म्हणून जगू लागला. २००४ मध्ये त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. घरचे, डॉक्टर, कपडे, नाव सारे एक सांगत असताना माणसाच्या आत काहीतरी दुसरेच सांगत राहू शकते, हे त्याने आपल्या आयुष्याने दाखवले.

ज्याला आपण पारलिंगी म्हणतो, त्या माणसाचे म्हणणेही याच जागेवरून येते. जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची जाणीव यांचा मेळ बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे शरीर आंतरलिंगी असेलच असे नाही, बहुधा नसते. या जाणिवेमागे नेमकी कोणती जैविक कारणे आहेत याचा शोध चालू आहे आणि एखाद्या जनुकावर किंवा मेंदूच्या एका भागावर बोट ठेवता आलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांच्या यादीतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली आहे. कोणाविषयी आकर्षण वाटते हा प्रश्न याहूनही वेगळा आहे, आणि समलिंगी पुरुषाला बायकी ठरवणे किंवा पारलिंगी स्त्रीला (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या, पण स्वतःला स्त्री मानणाऱ्या व्यक्तीला) समलिंगी पुरुष समजणे ही सरमिसळ आपल्याकडे रोज होते.

आपल्या भाषेत हे ओझे किती जवळ येते, ते पाहा. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांत भेद नाही. मराठीत मात्र स्वतःविषयी साधे वाक्य बोलतानाही क्रियापद लिंग विचारते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला सांगितले की बारावीच्या वर्षी तो भूतकाळात बोलणेच टाळत असे. ‘मी जेवलो’ म्हणावे तर घरचे रागावत, ‘मी जेवले’ म्हणावे तर जीभ अडत असे. म्हणून तो ‘जेवण झालं’ म्हणायचा. वर्गात दोन वर्षे मी त्याला मितभाषी मुलगी समजत होते. भाषा शिकवणाऱ्यांनी आणि शिकवून घेणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की एखाद्या मुलाला वाक्य पूर्ण करणे कशामुळे जड जात असेल, याचे कारण कधी कधी व्याकरणातच असते.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना कायदेशीर मान्यता दिली आणि स्वतःची लिंगओळख ठरवणे हा व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा भाग मानला. त्याआधीच्या, २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘इतर’ हा पर्याय ठेवला गेला होता आणि देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद त्यात झाली. २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला.

कोणता प्रश्न कुठे विचारायचा

इतके सगळे वेगळे करून झाल्यावर व्यवहारात प्रश्न उरतो की कोणत्या ठिकाणी यातले काय महत्त्वाचे. मला वाटते प्रत्येक जागी आधी हेच विचारावे की ही माहिती कशासाठी हवी आहे. ग्रंथालयाच्या सभासदत्वाच्या अर्जावर लिंगाचा रकाना कशाला लागतो, हे मला अजून कोणी समजावलेले नाही.

खेळात उत्तर अवघड आहे, कारण वयात येताना मिळालेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू, हाडे आणि रक्त यांत खरा फरक पडतो आणि स्त्रियांच्या स्पर्धा त्याच कारणाने वेगळ्या ठेवलेल्या आहेत. पण तो फरक मोजायचा कसा? स्पेनची अडथळा-शर्यतीची धावपटू मारिया होसे मार्तिनेस-पातिन्यो १९८५ मध्ये गुणसूत्रांच्या चाचणीत एक्स-वाय निघाली आणि तिला बाजूला केले गेले. तिचे शरीर वर सांगितलेल्या मुलीसारखेच, टेस्टोस्टेरॉनला प्रतिसाद न देणारे होते. त्या वाय गुणसूत्राचा तिला धावताना कणभरही उपयोग नव्हता. तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, तिला पुन्हा मान्यता मिळाली. ऑलिंपिक समितीने सरसकट गुणसूत्र-चाचणी १९९९ मध्ये थांबवली. आपल्या धावपटू द्युती चंदला २०१४ मध्ये संप्रेरकाच्या पातळीवरून वगळले गेले, तेव्हा ती क्रीडा लवादाकडे गेली आणि जुलै २०१५ मध्ये तो नियम स्थगित झाला. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एस-आर-वाय जनुकाची एकदाच करायची चाचणी आणली आहे. जनुक आहे की नाही हे ती चाचणी सांगते. वृषण घडले का, टेस्टोस्टेरॉन बनले का, शरीराने ते ऐकले का, हे पुढच्या तपासाशिवाय कळत नाही, आणि ज्या मुलीला हा अहवाल मिळतो ती बहुधा अठरा-वीस वर्षांची असते, हे नियम करणाऱ्यांनी विसरू नये.

दवाखान्यात मात्र शरीराचा प्रश्न टाळून चालत नाही, आणि तो आदराने विचारता येतो. रक्ताच्या अहवालावर हिमोग्लोबिनची खालची मर्यादा पुरुषासाठी १३ आणि स्त्रीसाठी १२ अशी छापलेली असते. झोपेच्या एका औषधाची, झोल्पिडेमची, स्त्रियांसाठीची मात्रा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये निम्मी केली, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडते. पारलिंगी स्त्रीला प्रोस्टेट असते आणि वयानुसार त्याची तपासणी लागते. ज्या पारलिंगी पुरुषाचे गर्भाशयमुख शाबूत आहे त्याला त्या भागाच्या कर्करोगाच्या तपासणीची गरज राहते, आणि स्त्रीरोग विभागाच्या बाकावर बसण्याच्या संकोचाने तो ती टाळत राहिला तर धोका त्याच्या जिवाला असतो. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या माणसाचे हिमोग्लोबिन काही महिन्यांत वाढते आणि पुरुषांच्या मर्यादेजवळ जाते, त्यामुळे त्याच्या कागदावर जन्मावेळचे लिंग लिहून बाराचा आकडा लावला तर रक्तक्षय असूनही अहवाल निर्दोष दिसू शकतो. रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञाने नाव विचारताना ‘कोणती संप्रेरके चालू आहेत का’ एवढे विचारले, तर अहवाल योग्य वाचला जातो.